तेल महागलं: शेल की खोल समुद्र?

मित्र विचारतो, भाव चढलेत तर पैसा टेक्सासच्या शेलमध्ये, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या तेलात, घालू की ब्राझीलच्या समुद्रातल्या तेलात? कंपन्यांची चकचकीत सादरीकरणं बाजूला ठेवून बघू.

आधी वेग. टेक्सासकडच्या पर्मियन या शेल तेलाच्या खोऱ्यात विहीर काही आठवड्यांत खोदून होते. पाणी, वाळू आणि रसायनं दाबाने सोडून खडक तडकवला की काही महिन्यांत तेल वर येतं. ब्राझीलचं तुपी क्षेत्र मात्र दोन हजार मीटर पाण्याखाली, आणि तेलाच्या खडकावर मिठाचा जाड थर. ते सापडलं २००६ मध्ये, व्यावसायिक उत्पादन २०१० मध्ये; समुद्राच्या मानाने ही घाईच!

टिकण्याच्या बाबतीत शेल लंगडं. पहिल्याच वर्षी विहीर निम्म्याहून जास्त आटते, म्हणून सतत नवी खोदायची. समुद्रात खर्च अवाढव्य, पण तो आधीच झालेला असल्याने भाव पडले तरी उत्पादन सहसा थांबत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी तेलाचा वायदा भाव (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) शून्याखाली गेला, त्या सुमारास शेलवाल्यांनी चालू विहिरी बंद केल्या.

वर्ष-दोन वर्षांच्या तेजीपुरतं बघायचं असेल तर शेल. दशकभर थांबायची तयारी असेल तर समुद्र, पण आजचा भाव बघून त्यात उतरू नये.