पिंडाचा कावळा की कार्टूनचा कावळा?

आमच्या खानापूर-बेळगाव भागात कावळा म्हटलं की आधी दशक्रियाच आठवते. मलप्रभेच्या घाटावर पिंड ठेवलेत, सगळे दहा पावलं मागे सरून झाडाकडं बघत उभे, आणि कावळा जवळ येऊन पण शिवत नाही, मग घरातलं कुणीतरी पुढं होऊन हात जोडून म्हणतंय, काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही करतो. तरीबी नाही शिवला तर शेवटी दर्भाचा कावळा करतात. म्हणजे हा कावळा गेलेल्या माणसाचं मन सांगतो. शनीचं वाहन पण तोच, पण ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत तोच पांडुरंग येणार म्हणून शकुन सांगतो, त्यामुळे त्याला नुसता अशुभ म्हणणं मला पटत नाही.

अ‍ॅनिमेशनमध्ये दोन तऱ्हा दिसतात. डिस्नेच्या १९५९ च्या स्लीपिंग ब्यूटीत मॅलेफिसेंट या खलनायिकेचा डोमकावळा म्हणजे सरळ दुष्टाचा हेर, पंख काळे म्हणून मन पण काळं, हे फार सोपं झालं. जपानी अ‍ॅनिमे मला जास्त जवळचं वाटतं, डेमन स्लेयर या मालिकेत कावळे बोलतात, निरोप आणतात, पुढची कामगिरी सांगतात. हे आपल्या घाटावरच्या कावळ्याचंच काम झालं की!

फक्त तिथं निरोप जिवंत माणसांचा असतो, आपल्याकडं गेलेल्यांचा, आणि म्हणून माझ्या मते आपलाच कावळा जास्त खोल आहे. पोरांना अ‍ॅनिमे जरूर दाखवा, पण त्याआधी रामायणातली जयंताची गोष्ट सांगा, सीतेला चोच मारून एक डोळा गमावलेला इंद्राचा पोरगा, त्यावर मस्त अ‍ॅनिमेशन होईल.