अंख घ्यावा की होरसचा डोळा? पेंडंट घेण्याआधी थोडं वाचा

चांदीच्या दुकानात इजिप्शियन पेंडंटचा ट्रे पुढे आला की हात दोनच गोष्टींवर जातो. एक अंख, म्हणजे वरच्या टोकाला थेंबासारखा फासा असलेला क्रॉस, आणि दुसरा होरसचा डोळा, खाली वळलेली शेपटी असलेला. माझ्या मावसबहिणीचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तिला यातलं काय द्यावं यावर मी पंधरा दिवस डोकं लावलं, कारण दुकानात दोन्हीबद्दल एकच उत्तर मिळालं, "लकी असतं, नजर लागत नाही". पण दोघांचं काम अगदी वेगळं आहे हो.

अंख हे मुळात चित्रलिपीतलं चिन्ह, अर्थ जीवन. तुतनखामेन हे इजिप्तच्या राजाचं नाव फोडून बघा, तुत-अंख-आमेन, 'आमेन देवाची जिवंत प्रतिमा', मधला अंख तो हाच. मंदिरांच्या भिंतींवर देव हा अंख राजाच्या नाकाशी धरतात, नाकाशीच, कारण श्वास तिथून आत जातो. अखेनातेन राजाच्या काळातल्या शिल्पांत तर सूर्याच्या किरणांना टोकाला इवले इवले हात काढलेत आणि त्यातले काही हात राजाच्या आणि त्याची राणी नेफरतितीच्या नाकाशी अंख धरून आहेत. मला ते चित्र फार आवडतं. म्हणजे अंख हे कुणीतरी कुणाला दिलेलं आयुष्य आहे, म्हणून भेट म्हणून तो शोभतो. आरशालाही त्यांच्या भाषेत अंखच म्हणायचे, तुतनखामेनच्या थडग्यात अंखाच्या आकाराची सोन्याने मढवलेली आरशाची पेटी सापडली, आतला आरसा मात्र चोरांनी जुन्या काळातच पळवला होता. आणि पुढे इजिप्तमधल्या ख्रिश्चनांनी, म्हणजे कॉप्टिक लोकांनी, हाच आकार आपला क्रॉस म्हणून घेतला, त्यामुळे कुणी "हा क्रॉस आहे का" विचारलं तर उत्तर हो पण आणि नाही पण.

आता डोळा. याचं खरं नाव वेजात, अर्थ धड असलेला, शाबूत. गोष्ट अशी की होरस आणि त्याचा काका सेत यांच्या भांडणात सेतने होरसचा डोळा फोडला आणि थॉथ देवाने तो परत नीट केला (काही ठिकाणी हे काम हाथोर देवी करते). हा डावा डोळा, चंद्राचा, म्हणून चंद्र झिजतो आणि परत भरतो. डोळ्याखालची ती उभी रेघ आणि वळलेली शेपटी म्हणजे ससाण्याच्या चेहऱ्यावरच्या खुणा, कारण होरस ससाण्याच्या रूपातला देव. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून डोळ्याचं काहीतरी बांधतात तसाच हा, असं पटकन वाटतं, आणि रक्षणासाठी तो वापरायचे हे खरंच आहे, पण याच्या पोटातली गोष्ट जखम भरून येण्याची आहे, आणि ती दुकानात कुणीच सांगत नाही.

वापर बघा ना. ममी करताना पोटाच्या डाव्या बाजूला चीर देऊन आतले अवयव काढायचे, आणि त्या चिरेवर हा डोळा कोरलेली पातळ पट्टी ठेवायचे. इजिप्तमधल्या तानिसला सापडलेल्या पहिल्या सुसेनेस राजाची तर ती पट्टी सोन्याची आहे. त्याआधीच्या काळात शवपेटीच्या बाहेरच्या बाजूला डोळ्यांची जोडी रंगवायचे आणि आत मृताला डाव्या कुशीवर, तोंड त्या डोळ्यांकडे करून ठेवायचे, म्हणजे त्याला पूर्वेकडचा उगवता सूर्य दिसेल.

हे वाचून माझाही हात थांबला होता, मेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू आजारातून उठलेल्या बाईला कशी द्यायची? पण हा ताईत जिवंत माणसंही सर्रास घालायची, निळ्या-हिरव्या झिलईच्या फायन्सचे (चिनी मातीसारखा भाजून केलेला पदार्थ) असे डोळे इजिप्तमध्ये ढिगाने सापडलेत.

दोन अफवा तेवढ्या बाजूला काढा. डॉलरच्या नोटेवरचा त्रिकोणातला डोळा हा नाही, तो युरोपातल्या ख्रिश्चन चित्रांतून आलेला ईश्वराचा डोळा. आणि डोळ्याच्या सहा तुकड्यांत १/२ ते १/६४ हे अपूर्णांक लपलेत हे जे सगळीकडे फिरतं त्यावर अभ्यासकांनी चांगलीच शंका घेतलीय, तेवढ्यासाठी घेऊ नका.

ट्रेमध्ये तिसरा असतो तो शेणकिडा, स्कॅरब. तो काहीतरी नवं होण्याचा, नव्याने उगवण्याचा. नवी नोकरी, नवं गाव असं काही असेल तर तो जास्त बरा.

तर बारसं, लग्न, वाढदिवस असेल तर बिनधास्त अंख, आकार साधा, रोज घातला तरी कपड्यात अडकत नाही, फक्त फासा थेंबासारखा आहे ना ते बघा, गोल केला की त्याची शोभा जाते. टॅटूलाही अंखच सोपा, डोळ्यातल्या बारीक रेघा लहान साइजमध्ये काही वर्षांत पसरून एकमेकींत मिसळतात. पण आजारातून, अपघातातून, मोडलेल्या कशातून कुणी उठत असेल तर माझं मत ठाम आहे, डोळा.

बहिणीला मी डोळाच दिला. थॉथची गोष्ट सांगितली, चिरेवरच्या पट्टीचंही सांगितलं, लपवलं नाही. तिने पेंडंट हातात घेतलं, साडीवरूनच टाक्यांपाशी धरून बघितलं आणि म्हणाली, साखळी जरा लांब घे.