कुत्र्यासाठी पैसे द्यायचेत, पण कुणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ एका बंद गाळ्याच्या पायरीखाली तांबडी कुत्री सापडली. कानामागे जखम, जखमेत अळ्या, आणि वास असा की शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या काकांनी गिऱ्हाइकं तुटतात म्हणून तिला दोनदा हाकललं होतं. गोणपाट मात्र शेवटी त्यांनीच दिलं. आम्ही तिघी, एक रिक्षा आणि जवळचा खासगी दवाखाना. डॉक्टरांनी केस कापले, टर्पेंटाइनचा बोळा धरला आणि चिमट्याने एकेक अळी स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत बसले. साठपर्यंत मोजून मी मोजणं सोडलं. बिल अठराशे. ते तिथल्या तिथे वाटून घेतलं.

खर्च खरा सुरू झाला तो दुसऱ्या दिवसापासून. बारा दिवस ड्रेसिंग, अँटिबायोटिक, रोजची रिक्षा, वर तिला ठेवायला जागा. सगळं मिळून पहिल्या दिवसाच्या तिप्पट झालं. पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपवर 'मी पण देते' म्हणणारे सोळा जण होते, नवव्या दिवशी दोन.

म्हणून 'महिन्याला हजार-दीड हजार काढायचेत, कुठे देऊ?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, पहिल्या दिवसासाठी द्यायचेत की नवव्या?

पहिल्या दिवसासाठी सर्वांत चोख मार्ग म्हणजे दवाखान्याचं बिल परस्पर भरणं. पैसे तुमच्या खात्यातून दवाखान्याच्या खात्यात जातात, पावती हातात येते, मधे कुणी नाही. पण आधी आजार कोणता ते विचारा, कारण आजारागणिक पैशांचं काम बदलतं. गोचीड तापाला डॉक्सिसायक्लिन लागतं. गोळ्या स्वस्त आहेत, पण सुमारे चार आठवडे न चुकता पोटात गेल्या पाहिजेत. तिथे पैशांपेक्षा रोज सकाळी चिकनच्या तुकड्यात गोळी लपवणारा माणूस महाग. रस्त्यावरच्या कुत्र्यांना गुप्तांगाजवळ होणारी रक्ताळलेली गाठ, जिला दवाखान्यात टीव्हीटी म्हणतात, ती बघून लोक हात जोडतात आणि निघून जातात. वास्तविक आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिनची चार ते सहा इंजेक्शनं पडली की बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात. माझ्या मते थोड्या पैशात इतका मोठा फरक दुसरीकडे कुठे पडत नाही. अट एवढीच की तेच कुत्रं दर आठवड्याला हाती लागायला हवं.

पार्वोचं, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या विषाणूजन्य आजाराचं, पिल्लू हा वेगळा जुगार. पाच-सात दिवस सलाईन, रोजचं बिल, आणि तरी जगेलच असं कुठलेच प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाहीत. पैसे देताना हे मनाशी धरूनच द्या, नाहीतर पिल्लू गेल्यावर ज्याने रेस्क्यू केलं त्याच्यावरच राग निघतो. फ्रॅक्चरला प्लेट टाकायची तर ऑपरेशन महाग, आणि नंतर सहा-आठ आठवडे कुत्रं बांधून कोण ठेवणार, हे ठरल्याशिवाय मी एक रुपयाही देत नाही. कठोर वाटेल, पण प्लेट टाकून रस्त्यावर सोडलेलं कुत्रं मी पाहिलंय.

खासगीऐवजी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना घ्यावा का? केसपेपरला नाममात्र पैसे, आणि साध्या जखमेला, लसीला उत्तम. पण तिथली वेळ ठरलेली. रांगेत गाय, शेळी, बैल. बांधलेलं भेदरलेलं कुत्रं त्या गर्दीत कसं वागेल ते तुमचं तुम्ही बघा. काही औषधं बाहेरून आणावी लागतात. रात्री नऊला गाडीखाली आलेल्या कुत्र्याला खासगीशिवाय पर्याय नाही.

ऑनलाइन वर्गणी म्हणजे फोटो, क्यूआर कोड आणि 'अर्जंट'. ती वेगाने जमते, हा तिचा मोठा गुण. दोष सांगायला माझाच अनुभव पुरे. मणक्याच्या एका केससाठी मी दोन हजार दिले. कुत्रं तिसऱ्या दिवशी गेलं. जमलेली रक्कम बिलापेक्षा बरीच जास्त होती. उरलेल्याचं काय केलं, असं दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, पुढच्या कुत्र्याला लागलेही असतील. पण तेवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. तेव्हापासून देण्याआधीच विचारते: उरले तर कुठे जाणार, आणि बिल ग्रुपवर टाकणार का? विचारल्यावर चिडणाऱ्याला देत नाही. वर्गणीच्या वेबसाइटवरून देत असाल तर पैसे भरायच्या पानावर वेबसाइटने स्वतःसाठी 'टिप' आधीच जोडलेली आहे का ते बघा. ती शून्य करता येत असेल तर करा.

नवव्या दिवसासाठी मात्र शेल्टरला दरमहा देणंच बरं, आणि तेही 'अमुक कुत्र्यासाठी' असं न बांधता. शेल्टरचा मोठा खर्च रील्समध्ये दिसत नाही. तांदूळ, कोंबडीचे पाय-मुंड्या, फिनेल, पाण्याचा टँकर, सफाई करणाऱ्या मावशींचा पगार. सर्वांत जास्त खर्च होतो तो कायमच्या मुक्कामी कुत्र्यांवर. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची लघवी दिवसातून दोन-तीनदा हाताने पोट दाबून काढावी लागते, आणि असं कुत्रं वर्षानुवर्षं जगतं. 7 नोव्हेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. म्हणजे मुक्कामी कुत्री वाढणार, आणि त्यांच्या जेवणाचं बिल दर महिन्याला येणार.

कोणतं शेल्टर, ते फोटोवरून ठरवू नका. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, हिशोबाचं ऑडिट होतं का, हे विचारा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. मग न सांगता, मधल्या वारी दुपारी जा. रविवारी स्वयंसेवक असतात, सगळं चकचकीत असतं. बुधवारी दोन वाजता पाण्याची भांडी भरलेली आहेत का, पार्वोची पिल्लं वेगळी ठेवली आहेत का, सगळी कुत्री एकदम भुंकत अंगावर येतात की काही निवांत पडलेली दिसतात. वास येणारच, पण तो फिनेलचा की कालच्या घाणीचा हे नाकाला कळतं.

'एका कुत्र्याचे पालक व्हा' ही योजना त्यातलाच गोड प्रकार. दर महिन्याला फोटो येतो, मुलांना मजा वाटते. माझी नणंद वर्षभर एका काळ्या पिल्लाची पालक होती. ते पिल्लू दत्तक गेल्यावर तिने पैसे थांबवले. तिची चूक नाही, योजनाच तशी आहे. पिल्लांना पालक मिळतात, नऊ वर्षांच्या एकडोळ्या कुत्र्याला मिळत नाहीत. घेणारच असाल तर म्हातारं मागा.

करसवलतीचं थोडक्यात. संस्थेला दिलेल्या देणगीवरची सवलत, जिला लोक 80जी म्हणतात, ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत असाल तर हा मुद्दा सोडून द्या. रोखीने दोन हजारांच्या वर दिलेलं धरत नाहीत. तांदळाचं पोतं दिलं तर पुण्य मिळेल, सवलत नाही. दवाखान्यात भरलेल्या बिलालाही नाही. परदेशातला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर अडचण नाही. अमेरिकन असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याची, नोंदणी हवी. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड दाखवून भागत नाही.

नसबंदीसाठी वर्गणी मागतात तेव्हा मी जरा थांबते. केंद्राच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्याकडे महापालिकेची जबाबदारी. आधी तिथे तक्रार नोंदवा, पाठपुरावा करा. घरी फोस्टर केलेल्या, म्हणजे तात्पुरत्या सांभाळलेल्या, कुत्रीचं मात्र खिशातून करून टाका, लांबणीवर टाकू नका. कुत्री दोन महिन्यांत विते.

आणि फोस्टर. पैसे कमी पण जागा आणि वेळ असेल तर तुमची एक बाल्कनी हजार रुपयांपेक्षा जास्त कामाची. आमच्या तांबडीला बारा दिवस सिडकोतल्या एका ताईंनी जिन्याखाली ठेवलं, म्हणून ती वाचली. फक्त घरात लस न झालेलं पिल्लू असेल तर पार्वोचं पिल्लू आणू नका. तो विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो, ब्लीचने पुसल्याशिवाय जात नाही.

मी स्वतः सध्या पाचशे शेल्टरला देते, पाचशे बाजूला ठेवते. ते दोन महिने पडून राहिले तरी चालतात, तिसऱ्या महिन्यात कुठला तरी फोन येतोच. तांबडीच्या रेबीजच्या लसीचे पैसे मात्र माझ्याकडून जात नाहीत. टपरीवरच्या काकांनी बिस्किटांच्या बरणीशेजारी एक रिकामी बरणी ठेवलीय, सुटे पैसे परत नको असलेली गिऱ्हाइकं त्यात टाकतात. परवा मोजले, तीनशे चाळीस निघाले. लस ऑगस्टमध्ये आहे.