माकालियाचा धबधबा: पाऊस बघून जा

आमच्या सोसायटीतलं एक जोडपं फेब्रुवारीत केनियाला जाऊन आलं. सहलीच्या माहितीपत्रकात तिथल्या लेक नाकुरू नॅशनल पार्कातल्या माकालिया धबधब्याचा मोठा फोटो होता. प्रत्यक्षात त्यांना कोरडा कातळ दिसला आणि खाली हिरवट डबकं. आम्हालाही ट्रॅव्हलवाल्याने ठासून सांगितलं होतं, "ताई, धबधबा बारा महिने असतो." मी बोरिवलीत राहते. आमच्या नॅशनल पार्कातले, कान्हेरीच्या वाटेवरचे ओहोळ तीस वर्षं बघतेय, त्यामुळे पावसावर जगणारं पाणी कसं वागतं ते मला माहीत आहे. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. मी मेचा दुसरा आठवडा धरला आणि तिथल्या ड्रायव्हरशी आधी फोनवर बोलून घेतलं. सगळ्या सहलीतला हा सर्वांत चांगला निर्णय ठरला.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा तास, तिथून नाकुरू साधारण १६० किलोमीटर. रस्त्यावर ट्रकच ट्रक, त्यामुळे पहाटे निघा. लेक नाकुरू नॅशनल पार्क १८८ चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी कुंपण घातलेलं. इथे हत्ती नाहीत, ते आधीच सांगते, नाहीतर मुलं हिरमुसतात. गेंडे मात्र काळे आणि पांढरे, दोन्ही. आम्हाला पांढऱ्या गेंड्याची मादी पिल्लासह दिसली, गाडीपासून पन्नास पावलांवर, शांतपणे चरत.

फ्लेमिंगोंसाठी जाणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तळं खूप वाढलंय. खारं पाणी पातळ झालं, त्यातलं शेवाळ कमी झालं आणि बरेच पक्षी दुसऱ्या तळ्यांकडे गेले. काठावरची पिवळ्या सालीची बाभळीची झाडं पाण्यात उभ्या उभ्या वाळलीत. त्यांना तिकडे 'फीवर ट्री' म्हणतात; जुन्या गोऱ्या लोकांना वाटायचं की ताप या झाडांमुळे येतो. खरं तर ही झाडं दलदलीत वाढतात आणि ताप यायचा तो तिथल्या डासांमुळे. ती वाळलेली रांग बघून मला गलबलून आलं. फ्लेमिंगो तर आपल्या शिवडीला आणि ठाणे खाडीत मी जास्त पाहिलेत.

धबधबा पार्कच्या अगदी दक्षिण टोकाला. शेवटचा रस्ता काळ्या मातीचा, पावसात साबणासारखा निसरडा. चारही चाकांना जोर असलेली गाडीच घ्या, इथे पैसे वाचवू नका. आमची गाडी एकदा बाजूला सरकली, तेव्हा ड्रायव्हरदादांनी ब्रेकला पायही न लावता ती सावरली. या माणसाला माझे पाचपैकी पाच.

पार्कात गाडीतून खाली उतरायला मोजक्याच जागी परवानगी आहे, त्यातली ही एक. दिवसभर काचेआडून बघून कंटाळलेल्या पायांना त्याचं मोल कळतं. आधी फक्त आवाज येतो, मग झाडी संपते आणि समोर साधारण तीन मजल्यांएवढ्या कड्यावरून पाणी कोसळताना दिसतं. ते पांढरं नव्हतं. कडक चहासारखं तांबूस होतं, कारण माऊच्या डोंगरातली माती घेऊन ही नदी खाली येते आणि पुढे त्याच तळ्याला मिळते. जूनच्या पहिल्या सरीला आपल्या अंगणात येतो तोच वास तिथे भरून होता. चष्म्यावर तुषार आले, मी ते पुसले नाहीत. पायाशी चिखलात रानम्हशीच्या खुराचा ताजा ठसा होता, त्यात पाणी साचलेलं आणि धबधब्याच्या दणक्याने ते एकसारखं थरथरत होतं. ह्यांनी गुडघे दुखत असूनही तिथे वाकून तो ठसा कितीतरी वेळ पाहिला. बहुतेक गाड्या दहा मिनिटं थांबून फोटो काढून निघून गेल्या. आम्ही तासभर बसलो. तुम्हीही तासभर ठेवाच.

डबा मात्र गाडीतच खा आणि काचा लावून खा. बबून माकडं थेट हातावर झडप घालतात, आमची दशमी त्यातच गेली. प्लास्टिकच्या बाटल्यांना तिथल्या नॅशनल पार्कांत बंदी आहे, पिशव्या तर देशभर बंद. स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी न्या. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि तिचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, परत येताना मुंबई विमानतळावर ते लागतं. विषुववृत्त जवळ असलं तरी जागा उंचावर आहे, सकाळी स्वेटर हवाच.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला फोन करून विचारा, माकालियाला माजी आहे का. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी.