पेपर खुला ठेवायचाय, पण कुठे?

संशोधनाचा पेपर जर्नलमध्ये छापून आला की महिन्याभरात कुठून तरी मेल येतो: "सर, पीडीएफ मिळेल का?" आपण पाठवतो. तोच पेपर एकदा रीतसर खुल्या जागी, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल अशा ठिकाणी ठेवला, तर पुढचे मेल टळतात आणि मेल करायला संकोचणाऱ्यालाही तो मिळतो.

"आता तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, मग ही उठाठेव कशाला?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये हमखास येतो. केंद्र सरकारच्या या योजनेत १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांमध्ये वाचता येतात, हे खरंच. पण खासगी कॉलेजातला प्राध्यापक, पत्रकार, घरी बसून काम करणारा अभ्यासक, परदेशातला वाचक असे सगळे त्या कुंपणाबाहेरच आहेत.

पैसे भरून जर्नलकडूनच पेपर खुला करून घेण्याचा मार्ग इथे धरलेला नाही. 'नेचर'ने २०२० मध्ये त्यासाठी ९,५०० युरो दर जाहीर केला होता; आपल्याकडच्या किती विभागांना तो परवडेल?

जागा निवडण्याआधी आवृत्ती ठरवा, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. पेपरच्या तीन आवृत्त्या असतात. पहिली, परीक्षकांकडे जाण्याआधीची, म्हणजे प्रीप्रिंट. दुसरी, परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त करून संपादकांनी स्वीकारलेली तुमची स्वतःची वर्ड फाइल, म्हणजे अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट. तिसरी, जर्नलच्या मांडणीतली छापील पीडीएफ. वर्गणीवर चालणारे प्रकाशक साधारणपणे तिसरीला हात लावू देत नाहीत, दुसरी मात्र काही अटींवर ठेवू देतात. स्प्रिंगर नेचरच्या वर्गणीच्या जर्नल्समध्ये रिपॉझिटरीत (पेपर खुले ठेवण्याच्या ऑनलाइन भांडारात) ठेवायला साधारण सहा ते बारा महिने थांबावं लागतं, एल्सेव्हियरमध्ये ही मुदत जर्नलगणिक बदलते. तुमच्या जर्नलचा नियम 'ओपन पॉलिसी फाइंडर' या ऑनलाइन यादीत (पूर्वीचं 'शेर्पा रोमिओ') बघता येतो. माझ्या एका पेपरची स्वीकृत फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली आणि मी बसलो हात चोळत. नंतर कळलं की ज्या पोर्टलवरून पेपर पाठवला होता, तिथे शेवटची सुधारित फाइल तशीच पडून होती.

आता जागा. विद्यापीठाची रिपॉझिटरी चांगली चालत असेल तर पहिली पसंती तिला. ग्रंथपाल कॉपीराइट तपासतात, मुदत असेल तर फाइल तोवर कुलूपबंद ठेवतात, दुवा कायमचा राहतो आणि गूगल स्कॉलरवर पेपर सापडतो. बेंगळुरूच्या आयआयएससीची (भारतीय विज्ञान संस्थेची) ई-प्रिंट्स रिपॉझिटरी २००२ पासून चालू आहे. एनआयटी राउरकेलाने तर २००६ मध्येच पेपर जमा करणं सक्तीचं केलं. पण हे सगळं "चांगली चालत असेल तर". काही ठिकाणी रिपॉझिटरी उघडली की जुन्या प्रश्नपत्रिका दिसतात आणि शेवटची भर चार वर्षांपूर्वीची असते. म्हणून आधी तिथली ताजी नोंद कधीची आहे ते बघा. आणि शोधगंगेशी गल्लत नको: ती प्रबंधांसाठी आहे, पेपर तिथे जात नाही.

भौतिकशास्त्र, गणित किंवा संगणकशास्त्र तुमचा विषय असेल, तर फार विचार करू नका, आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या खुल्या संकेतस्थळावर ठेवा. १९९१ पासून ते चालू आहे आणि त्या क्षेत्रातले लोक सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तसं ते वाचतात. नव्या माणसाला मात्र तिथे कुणा जुन्या लेखकाची शिफारस लागू शकते. शिवाय एकदा चढवलेलं पुसता येत नाही: पेपर मागे घेतला तरी जुनी आवृत्ती दिसत राहते. एक फायदा फारसा कुणाला ठाऊक नसतो. आर्काइव्हवर प्रीप्रिंट असेल, तर एल्सेव्हियर तिथे स्वीकृत आवृत्ती मुदतीची वाट न बघता चढवू देतं.

रिपॉझिटरी मृतप्राय आणि विषय समाजशास्त्र, इतिहास नाहीतर मराठीचा, अशा वेळी मी झेनोडो ही सर्वांसाठीची रिपॉझिटरी सुचवतो. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने २०१३ मध्ये ती सुरू केली. कुठलाही विषय, कुठलीही भाषा चालते, पैसे लागत नाहीत आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. मात्र कॉपीराइट तपासणारं तिथे कुणी नसतं, ती जबाबदारी सर्वस्वी तुमची.

रिसर्चगेट या संशोधकांच्या सोशल नेटवर्कवर लोक सापडतात, ओळखी होतात, हे मान्य. पण ती खासगी कंपनी आहे आणि प्रकाशकांच्या परवानग्यांमध्ये तिची गणना सहसा रिपॉझिटरी म्हणून होत नाही. एल्सेव्हियर आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१७ मध्ये तिला कोर्टात खेचलं होतं. छापील पीडीएफ बिनधास्त चढवणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. मी तिथे पेपरची नोंद करतो आणि रिपॉझिटरीचा दुवा देतो, फाइल देत नाही.

संशोधनाला केंद्राच्या डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) किंवा डीएसटीचा (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग) निधी असेल, तर या दोन्ही विभागांच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे स्वीकृत फाइल पेपर स्वीकारल्यापासून दोन आठवड्यांत जमा करायची असते, तेव्हा तिथे निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही.

मराठी लेखांचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं तर सोपं आहे. आपल्या नियतकालिकांत लेख देताना बहुतेकांनी कुठल्याच कागदावर सही केलेली नसते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचा करार असल्याखेरीज हक्क हस्तांतरित होत नाहीत. करार आहे पण त्यात मुदत लिहिलेली नाही, तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे तुमचे कितीतरी जुने लेख आजही तुमचेच असतील. संपादकांना एक फोन करावा, तो सौजन्य म्हणून.

अडचण येते ती फाँटची. श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या लेखाची पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला ती अगम्य अक्षरांची रांग असते, त्यामुळे शोधात ती येतच नाही. चढवण्याआधी पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून कोऱ्या पानावर चिकटवा. मराठी उमटलं तर पुढे जा. नाही उमटलं तर लेख युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरं आणि रफार एकदा नजरेखालून घाला, आणि मगच चढवा.