लीचब्लॉक: फुकट आहे, कामाचं आहे, पण उपचार म्हणून टाकू नका

काम संपलं तरी ज्यांचा कॉम्प्युटर बंद होत नाही, एक व्हिडिओ मग दुसरा मग बातम्या मग परत व्हिडिओ, त्यांच्यासाठी लिहितेय. लीचब्लॉक हे ब्राउझरचं एक्स्टेंशन आहे, फायरफॉक्स, क्रोम, एज तिन्हीवर चालतं. साइट्सची यादी टाकायची आणि कुठल्या वारी किती ते किती बंद ठेवायच्या ते ठरवायचं, किंवा तासाला 10 मिनिटं असा कोटा द्यायचा. अशा 30 याद्या करता येतात, मला दोनच पुरल्या, कामाच्या वेळेची आणि रात्रीची.

सगळ्यात आवडलं ते साइट बंद न करता उशिरा उघडायची सोय. पान उघडायच्या आधी सेकंद उलटे मोजले जातात आणि तेवढ्यात लक्षात येतं की अरे इथे आपलं काही कामच नव्हतं, बोटं आपोआप गेली. शिवाय सेटिंग बदलायला लांबलचक कोड टाइप करायला लावता येतो, तो टाइप होईपर्यंत निम्मा हट्ट उतरलेला असतो. पाचपैकी चार स्टार.

एक कापला कारण हे ब्राउझरपुरतंच आहे. इन्स्टॉल केलेला गेम किंवा दुसरा ब्राउझर हे अडवू शकत नाही.

आणि प्लीज, घरातलं कुणी खूप तास बसतं एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या अधिकृत यादीत, जी 2022 पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डर आहे पण त्यात तासांचा आकडाच नाही. ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, आणि हे साधारण 12 महिने चाललंय का, ते बघतात. कितीतरी वेळा मागे डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याची समस्या) नाहीतर माणसांत मिसळायची भीती असते, अशा वेळी नुसत्या साइट्स बंद केल्या तर तो माणूस फोन घेऊन बसणार. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच हवा. सीबीटी थेरपीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनात, कधी बसलो, बसायच्या आधी मनात काय चाललं होतं याच्या नोंदी ठेवायला लावतात. दारूसारखं कायमचं सोडा असं इथे सांगता येत नाही, काम आणि अभ्यास त्यावरच असतो, त्यामुळे नेमकं काय सोडायचं आणि काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. ते ठरलं की मग लीचब्लॉक खरं उपयोगी पडतं.

मुलांच्या मशीनवर मात्र गुपचूप टाकू नका, शेजारी बसवून वेळा त्यांनाच ठरवू द्या, नाहीतर दुसरा ब्राउझर टाकून मोकळी होतील.