ब्रँडचं आकर्षण केंद्र पाहावं की कारखाना आणि संग्रहालय?

सहलीत एकच दुपार मोकळी आहे आणि आवडत्या ब्रँडच्या नावाची दोन ठिकाणं जवळ आहेत. एक झगमगीत ‘एक्सपिरियन्स’, म्हणजे पाहुण्यांसाठीच उभारलेलं आकर्षण केंद्र, दुसरं कंपनीचं संग्रहालय किंवा कारखान्याची फेरी. निवड करायचीच असेल तर माझं मत दुसऱ्याला.

पहिल्या प्रकारच्या एका गाजलेल्या ठिकाणाहून मी फार हिरमुसून परतले. तिकिटावर वेळ छापलेली असूनही दारात रांग, आत प्रत्येक दालनापाशी रांग. मागून इतका रेटा, की भिंतीवरचा मजकूर निम्मा वाचेपर्यंत पुढे सरकावं लागे. वस्तू कशी बनते ते पडद्यावर दाखवलं आणि बाकी जागा जुन्या जाहिरातींनी व्यापलेली. बाहेरची वाट दुकानातून. लहानपणापासून जिच्यावर जीव होता, त्या वस्तूबद्दल नवं काहीच कळलं नाही याचं खरंच वाईट वाटलं.

असं होण्याला कारण आहे. चालू यंत्रांच्या मधून इतकी माणसं नेता येत नाहीत. अमेरिकेत हर्शी कंपनीच्या कारखान्याला पाहुण्यांची गर्दी पेलेनाशी झाली, तेव्हा फेरी बंद करून १९७३ मध्ये ‘चॉकलेट वर्ल्ड’ उघडलं. तिथे गाडीत बसून दिसते ती चॉकलेट बनवण्याची प्रतिकृती. ॲमस्टरडॅममधल्या हायनेकेनच्या जुन्या ब्रूअरीत (बिअरच्या कारखान्यात) १९८८ मध्ये उत्पादन थांबलं, आज तिथे पाहुण्यांचं केंद्र आहे. डब्लिनचं गिनेस स्टोअरहाउस १९०४ मधल्या खऱ्याखुऱ्या इमारतीत आहे, सात मजली आणि देखणी, पण बिअर त्याच आवारात दुसरीकडे बनते. नुसती चव, फोटो आणि वरून दिसणारं शहर हवं असेल, तर ही ठिकाणं पुरेशी आहेत.

कारखान्याच्या फेरीत गट लहान असतो. वास, आवाज, उष्णता जाणवते आणि सोबतच्या माणसाला प्रश्न विचारता येतात. अडचणीही आहेत. आगाऊ नोंदणी लागते, बऱ्याच ठिकाणी फोटोला बंदी आणि लहान मुलांना मज्जाव असतो, सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंदही असू शकतात. संग्रहालयात हा त्रास कमी. श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात (२००६) लिफ्टने वर जायचं आणि १८८६ पासूनचा मोटारीचा इतिहास पाहत वळणावळणाने खाली उतरायचं. गर्दी असली तरी मोटारीभोवती फिरायला जागा मिळते, आणि मला तेवढंच हवं असतं.

मुलं बरोबर असतील तर मात्र माझं मत बदलेल. डेन्मार्कमधल्या बिलुंडला लेगो या खेळण्यातल्या विटांच्या ब्रँडचं लेगोलँड १९६८ पासून आहे, लेगो हाउस २०१७ मध्ये आलं. पाळणे आणि राइड हव्या असतील तर पहिलं, बसून विटा जोडायच्या असतील तर दुसरं. तिथे मुलांनाच विचारा.

तरीही आकर्षण केंद्रच ठरलं, तर शाळांच्या सुट्ट्या टाळून आठवड्याच्या मधल्या दिवसाचा पहिला स्लॉट घ्या. आणि तिकीट काढण्याआधी माहितीत एवढं शोधा, की चालू उत्पादन प्रत्यक्ष दाखवतात का.